दारातला खिळा

देवराव मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट दारातच अडली होती. बीबी गावात आमची पिठाची चक्की होती. तिचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, तुटला म्हणून तो घेऊन मी जानेफळला त्यांच्या कारखान्यात गेलो. आत पाऊल टाकणार तोच लोखंड कातायच्या यंत्रामागून, लेथमागून, आवाज आला, "गळ्यातला दुपट्टा खिळ्याले लाव, मंग आत ये."

"काऊन?" मी विचारले.

"काऊन म्हंजे? लेथले डोये असतेत काय बे? जे सापडन ते ओढून घेते."

चौकटीत एक जाडजूड खिळा ठोकलेला होता. त्यावर गिऱ्हाइकांचे दुपट्टे होते, आणि गावातल्या एका बड्या जमीनदाराचे जरीकाठी उपरणेही मुकाट्याने लटकत होते. माझाही दुपट्टा मी तिथे लावला. शाफ्ट नीट होऊन घरी गेला, मी मात्र मिस्त्रींच्या हाताखालीच राहिलो. चक्की धाकट्या भावाने सांभाळली.

मिस्त्री यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला कळवले आहे, की लेख प्रसन्न असावा. मंडळींनी क्षमा करावी, ते जमणार नाही. मिस्त्रींनी या गौरवाला होकार देताना मला एक अट घातली आहे. "प्रकाशचं जसं झालं तसं लिही. ते गाळनार असान त माह्यं नाव बी छापू नका." प्रकाश हा त्यांचा एकुलता मुलगा. ही गोष्ट छापायची तर त्याच्या पत्नीला, शोभाताईंना, आधी विचारणे भाग होते. त्यांनी नकार दिला असता तर हा लेख झाला नसता आणि मिस्त्रींच्या हट्टापायी गौरवही झाला नसता. त्या काय म्हणाल्या ते शेवटी सांगतो.

आधी मिस्त्रींचे काम. आपल्या भागातल्या कापसाच्या जिनिंग बंद पडत गेल्या, तसतसे त्यांतले जुने पट्ट्याचे लेथ गंजत उघड्यावर पडले. लोकांना ते भंगार दिसे. मिस्त्री त्यांच्या बेडवरून, म्हणजे लेथच्या लांब लोखंडी पाठीवरून, बोट फिरवत आणि म्हणत, "जीव हाये अजून." मग ते एकेक भाग सुटा करून रॉकेलमध्ये भिजत घालत. बेडवर निळा रंग लावून उंचवटे शोधत आणि हाताने घासून ते काढत. हे काम महिनोन्महिने चाले. मी एकदा घाई केली, तर मला म्हणाले, "लय घाई असन त एस्टीवर कंडक्टर हो." माझ्या कारखान्यातला लेथ त्यांनी असाच उभा केला आणि मी बीबीला स्वतःचे काम सुरू केले तेव्हा माझ्या हवाली केला.

त्यांची माया अशीच खरखरीत. माझे वडील वारले आणि तेरवी आटोपून मी कामावर आलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातले टूल काढून घेतले. आठवडाभर मला नुसते पुसायला आणि तेल द्यायला ठेवले. डोके ठिकाणावर नसलेल्या माणसाचा हात लेथजवळ जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. खिळ्याचा नियम त्याहूनही कडक होता. तो त्यांनी एकदाच मोडला.

पौषातली सकाळ होती. प्रकाशच्या अंगात कणकण होती, पण एका बोअरवेलवाल्याचे काम अडले होते म्हणून तो उठून आला. गळ्यात मफलर होता. दारात सवयीने तो काढू लागला. मिस्त्रींनी मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, "राहू दे. थंडी हाये." सगळ्या मुलखाचे दुपट्टे उतरवणाऱ्या माणसाने आपल्या लेकराला एवढी एक सूट दिली. लेथवर लावलेला जॉब मोजायला प्रकाश वाकला आणि मफलरचे टोक चकमध्ये, जॉब धरून गरगर फिरणाऱ्या जबड्यात, गेले. मिस्त्रींनी धावत जाऊन बटण बंद केले. पण जुन्या लेथला ब्रेक नसतो. बंद केल्यावरही तो आपल्या वजनाने फिरत राहतो. तेवढे फिरणे पुरले.

मी बीबीहून पोचलो तेव्हा मिस्त्री खिळ्याखाली बसले होते. पुढे नातेवाईक म्हणाले, ते मशीन भंगारात काढा. भंगारवाल्याची गाडीही आली. मिस्त्रींनी ती परत पाठवली. "हा काय याले तोडते? रंग मारून दुसऱ्याले इकन. मंग तिथंबी कोनाचा तरी प्रकाश असन."

त्यांनी तो लेथ पुन्हा पूर्ण सुटा केला. त्या दिवसांत मी अधूनमधून जाई. ज्या चकने मुलगा नेला तो ते मांडीवर घेऊन साफ करत, आणि मला तिथे बसवत नसे. शेवटी त्यांनी बेडच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी दांडी बसवली आणि पुलीला स्कूटरच्या जुन्या ब्रेकपट्ट्या लावल्या. कुठेही उभे राहून दांडीवर पाय दिला, की मोटर बंद होते आणि चक जागच्या जागी थांबतो. तो थांबला तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा रडले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

तेव्हापासून ते पिशवीत पाने-हातोडी घेऊन गावोगाव जातात आणि जुन्या लेथना ब्रेक बसवून देतात. माझ्याकडे सर्वांत आधी आले. वरवट बकालच्या एका मालकांनी नको म्हटले. म्हणाले, "आमच्याकडं आजलोक काही झालं नाही." मिस्त्रींनी कामगारांना जवळ बोलावले आणि सगळ्यांसमोर त्या सकाळची हकिगत सांगितली. "राहू दे, असं म्याच म्हनलं होतं," हेही सांगितले. मालकांनी उठून ब्रेक बसवायला स्वतः लेथचा पट्टा उतरवून दिला. आता मिस्त्रींना डोळ्यांनी नीट दिसत नाही, तरी जाणे थांबलेले नाही.

समारंभाच्या मंडळींना एक सूचना. शाल मिस्त्रींच्या खांद्यावर घालू नये. कार्यक्रम कारखान्यातच आहे. शाल खिळ्याला लावावी, असा त्यांचा निरोप आहे.

शोभाताईंकडे मी गेलो तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. एकाच घरात राहूनही मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, त्यांचे बोलणे जेवायला वाढण्यापुरतेच उरले आहे, हे मला ठाऊक होते. मी मिस्त्रींची अट सांगितली. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पन मंग पुरं लिहा. तो मफलर म्या इनला होता. त्या दिवशी निंगताना म्याच गळ्यात गुंडाळला. मामाजीईले हे माहीत हाये. त्याईनं कधी कोनाले सांगतलं नाही, माह्यं नाव कुठीच येऊ देलं नाही."

मी उठलो. मिस्त्रींना दीर्घायुष्य चिंतून लेख संपवायचा असतो, असे मी शोभाताईंना सांगितले आणि त्यांच्यातर्फे काय लिहू म्हणून विचारले. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या,

"लिहा, लय वर्सं जगा म्हना, मामाजी. हे वझं मले एकटीले उचलत नाही."