अण्णांच्या मापाला उभा

आमच्या अण्णांनी जन्मभर फोटो काढले, त्यामुळे ते गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता.

दिंडोरीतले द्राक्षबागाईतदार माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, शास्त्रज्ञ म्हणत. (तोंडावर. मागे काय म्हणत ते आईला विचारा.) त्यांनी औषध फवारायचे पंप केले, घड विरळायची कात्री केली, वेल आपोआप तारेला बांधणारं एक यंत्रही केलं, ज्यानं पहिल्याच दिवशी आमच्या कुत्र्याला बांधून टाकलं. प्रत्येक यंत्राचा फोटो ते स्वतः काढत. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. यंत्र केवढं आहे ते बघणाऱ्याला कळावं म्हणून शेजारी घरातलं कुणीतरी उभं करत: मोठ्या यंत्राला आई, मधल्याला ताई आणि लहान असेल तर मी, हातात लाल-पांढरे पट्टे मारलेली मापाची काठी घेऊन. हसायला बंदी होती, कारण हसलं की बघणाऱ्याचं यंत्रावरचं लक्ष उडतं! ट्रंकेत हे सगळे फोटो यंत्रांच्या नावानं लावलेले आहेत. माझं बालपण बघायचं असेल तर ‘हातपंप, सुधारित’ हे पाकीट उघडावं लागतं.

गेलेही यंत्राजवळच. शेडमध्ये इंजिन धडधडत होतं, म्हणून अण्णांचं काम चाललंय असं आम्ही धरून चाललो होतो. डिझेल संपून इंजिन बंद पडलं तेव्हा आम्हाला कळलं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणसं ‘अरेरे’ म्हणतात आणि मग विचारतात, इंजिन कोणतं होतं?

दशक्रियेला हार घालून खुर्चीवर ठेवायला फोटो हवा होता. आई तोवर रडलीच नव्हती. तिनं एवढंच सांगितलं, “मला त्यांचं तोंड पाहिजे. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा.”

मी म्हटलं, त्यात काय, माझ्या मोबाइलमध्ये असतील. मग आठवलं की दिवाळीत अण्णांनीच तो ‘जरा फास्ट’ करून दिला होता. तो झालाही फास्ट, कारण आत काही उरलंच नव्हतं. ताईच्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात अण्णा मांडवामागे बिघडलेल्या जनरेटरखाली झोपले आहेत आणि बाहेर फक्त तळपाय आहेत. (तळपाय फार स्पष्ट आलेत.) शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. आईनं तो एकदा पाहिला आणि पालथा घातला. म्हणाली, “हा कोण धरून आणलाय?”

मी असा हातपाय मारत असताना चुलतभाऊ भाऊसाहेबानं परस्पर पुढाकार घेतला. दुसऱ्या दिवशी चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली शोकाकुल म्हणून आम्हा सगळ्यांची नावं, आणि मधोमध फवारणीचा पंप!

मी त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, “दादा, ट्रंकेतला सगळ्यात क्लिअर फोटो हाच होता. आन् लोकं अण्णांना पंपावरूनच वळखतात ना?” दुपारी पिंपळगावहून एका बागाईतदाराचा फोन आला. फ्लेक्सवरच्या नंबरावर त्यानं आधी पंप विकायचा आहे का ते विचारलं. अण्णा गेल्याचं सांगितल्यावर बिचारा खरोखर हळहळला, त्यांच्याच पंपावर बाग उभी केली म्हणाला. मग नाक शिंकरून पुन्हा विचारलं, पंपाचं काय करताय?

फ्लेक्सचा फोटो कुणीतरी आईला मोबाइलवर दाखवलाच. त्या दिवशी ती जेवली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, “एवढा संसार केला, आन् माझ्याजवळ त्यांचं तोंड नाय. पंपाचं हाय.” मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

अख्खी ट्रंक गाडीत टाकली आणि आईला घेऊन नाशिकला ओळखीच्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाले काका पाकिटांतली एकेक निगेटिव्ह मशीनमध्ये घालून स्क्रीनवर मोठी करू लागले आणि मला प्रथमच दिसलं की पंपांच्या स्टीलच्या टाक्यांत अण्णा आहेत! समोर उभं राहून फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब चकचकीत टाकीत पडलेलं होतं. अख्ख्या संग्रहात ते होते, आणि प्रत्येक टाकीत तोंडावर कॅमेरा होता. पाकिटामागून पाकीट संपत आलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मग ‘हातपंप, सुधारित’ निघालं. त्या दिवशी अण्णांनी कॅमेऱ्यासाठी बांबूची तिवई केली होती आणि दोरी ओढून फोटो काढायची युक्ती ते करून बघत होते. म्हणजे त्यांचं तोंड मोकळं होतं. टाकीच्या गोलाईनं गाल भोपळ्यासारखे पसरलेले, आणि ते चक्क हसत होते. हसत होते मला. टाकीला चिकटून मी उभा होतो, एका हातात मापाची काठी आणि दुसऱ्या हातात घसरणारी चड्डी.

आईनं स्क्रीनवर बोट ठेवलं. “हे. असेच हसायचे.” आणि ती रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

काकांनी आम्हाला रडू दिलं. मग हळूच म्हणाले, “वहिनी, शेजारचा पोरगा काढून टाकतो. कळणारसुद्धा नाही.”

“नको,” आई डोळे पुसत म्हणाली. “त्यांनी मापाला उभा केलाय त्याला. तो काढला तर हे केवढे व्हते ते कसं कळंल?”

दशक्रियेला खुर्चीवर हाच फोटो होता, दोघांत मिळून एक हार. पिंपळगावचे ते फोनवाले बागाईतदार आले, फुलं वाहिली, डोळे टिपले आणि मला बाजूला घेऊन विचारलं की अण्णांबरोबर हे पोरगं बी गेलं का. मी म्हटलं, नाही, तो मीच. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि त्यांची फारशी खात्री पटलेली दिसली नाही.

फोटो आता समोरच्या खोलीत लावलाय. घराबाहेर पडताना मी अण्णांना हात जोडतो, आणि त्यातला निम्मा नमस्कार आपोआप मलाच होतो. अण्णा हसतात. तो शेजारचा मात्र उलट नमस्कार करू शकत नाही. एका हातानं तो अजून अण्णांचं माप सांगतोय आणि दुसऱ्यानं चड्डी सावरतोय.