पानी बोझेनांनी ताक मागितलं

मी पोलंडला नोकरीला गेलो तेव्हा मला पोलिश भाषेतलं अक्षरही येत नव्हतं, आणि ही गोष्ट माझ्या घरचे सोडून सगळ्यांना माहीत होती.

मुलाखत इंग्रजीतून झाली होती. बीडच्या भाड्याच्या खोलीत, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा, अशा थाटात मी क्राकूव शहरातल्या एका कंपनीचा फायनान्स विभाग काबीज केला. "ऑफिसात सगळं इंग्रजीच चालतं," असं मुलाखत घेणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं. (तो माणूस मला पुढे कधीच दिसला नाही!) मी गावी आलो. धारूरच्या डोंगरात शेळ्या राखणाऱ्या आमच्या अण्णांना मात्र एवढ्यानं समाधान नव्हतं.

"तिथली बोली येती का बे तुला?"

"येती की, अण्णा!"

"बोल बरं."

मी तोंडाला येईल ते बोललो आणि शेवटी 'स्की' लावलं. अण्णांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी आईनं गावभर करून टाकलं, "माझं लेकरू फडाफडा बोलतंय, जसं काय तिकडंच जन्मलंय!"

तिकडं गेल्यावर मला पानी बोझेना यांच्या हाताखाली दिलं. 'पानी' म्हणजे बाईसाहेब. (आमच्याकडे एवढ्या आदरानं फक्त नळाच्या पाण्याची वाट बघतात, तीही आठ-आठ दिवस!) साठीच्या आसपासच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि इंग्रजीशी सोयरीक शून्य. पहिले तीन महिने मी परीक्षेवर होतो आणि मला ठेवायचं की घालवायचं, हे पानींच्या अहवालावर ठरणार होतं.

पहिल्याच दिवशी मी एकेक बिल त्यांच्यापुढे धरायचो, अंगठा वर करून भुवया उडवायचो, म्हणजे 'पास करू?' त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "नो, नो."

नो म्हणजे नो! मी बिल नामंजूरच्या गठ्ठ्यात टाकायचो. मनात म्हटलं, बाई कडक आहे, काहीच पास करत नाही. संध्याकाळी पाच वाजता फोन खणखणायला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मला इंग्रजीत समजावलं.

"अरे, आमच्याकडे 'नो' म्हणजे 'हं, बरोबर'!"

"मग 'हो'ला काय म्हणतात?"

"ताक."

"ताक?"

"ताक!"

ज्या देशात नो म्हणजे हो आणि हो म्हणजे ताक, त्या देशात मी बिलं तपासायला आलो होतो!

पण खरं सांगतो, मला त्या भाषेचं भयंकर कुतूहल वाटायला लागलं. वही घेतली. फ्रीजवर, खिडकीवर, दारावर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग आकड्यांकडे वळलो आणि कळलं की दोन पुरुष असले तर 'दोन' वेगळा, दोन बाया असल्या तर वेगळा, एक बुवा आणि एक बाई असली तर आणखी वेगळा! एम.कॉम. झालेला माणूस मी, दोनाच्या पुढे मोजता येईना. शेवटी एक धोरण ठरवलं. समोरचा काहीही बोलला की हसायचं आणि म्हणायचं, "ताक, ताक."

अडीच महिने हे धोरण उत्तम चाललं.

मग आई-अण्णा आले. शेळ्या चुलत्याकडे सोपवून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, पिशवीत काळा मसाला घेऊन. आता माझी खरी पंचाईत झाली. दुकानात, ट्राममध्ये, जिन्यात, कुणीही काही बोललं की अण्णा विचारायचे, "काय म्हणतुया?" आणि मी जागच्या जागी काहीतरी रचून सांगायचो. जिन्यातला म्हातारा एकदा पाच मिनिटं बोलला. मी सांगितलं, "पाऊसपाणी विचारतोय." अण्णांनी त्याला पावसाची सगळी हकीकत ऐकवली. बिचारा बहुतेक आमच्याच आवाजाची तक्रार करत होता.

शुक्रवारी ऑफिसात पानी बोझेना माझ्याजवळ आल्या आणि बरंच काही बोलल्या. त्यात 'मामा' आणि 'ताता' हे शब्द मला कळले, म्हणजे आई-बाप. मी हसलो. "ताक, ताक!" त्यांनी एक बोट वर केलं. मीही एक बोट वर केलं. त्या खूश होऊन गेल्या.

रविवारी दुपारी बरोबर एक वाजता बेल वाजली. दारात पानी बोझेना! एका हातात फुलं, दुसऱ्या हातात केक. मी त्यांना जेवायला बोलावलं होतं! निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

"ह्या कोण?" आईनं विचारलं.

"माझ्या साहेब."

"आन् आत्ता सांगतुस? बस बाई, बस."

नशिबानं चुलीवर, म्हणजे गॅसवर, मटणाचा रस्सा होता. आईनं ताट वाढलं. पानींनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बार्दझो ओस्त्रे!"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. 'बार्दझो' म्हणजे 'लई', एवढं मला पाठ होतं. ओस्त्रे काय ते माहीत नव्हतं. पण पाहुणी जेवताना लई काय म्हणणार?

"लई भारी म्हणते, आई!"

आईनं आणखी एक पळी तर्री ओतली.

"ओस्त्रे!" पानींचा आवाज चढला.

"अजून पाहिजे म्हणते!"

तिसरी पळी. (ओस्त्रे म्हणजे तिखट. हे मला नंतर कळलं, आणि आता मेलो तरी विसरणार नाही!) पानी गोऱ्याच्या गुलाबी झाल्या, गुलाबीच्या लाल झाल्या. डोळ्यांतून धारा लागल्या.

"बाई रडतीया कावून?" अण्णांनी विचारलं.

"त्यांना... त्यांच्या आईची आठवण आली."

"आगं माय!" असं म्हणून माझ्या आईचे डोळे भरले आणि तिनं प्रेमानं चौथी पळी वाढली.

तेव्हा पानींनी गळा धरला आणि ओरडल्या, "वोदा! वोदा!"

हा शब्द मात्र मला कळला! वोदा म्हणजे व्होडका, जगात कुणालाही कळेल. मी म्हटलं, "अण्णा, त्यांना दारू पाहिजे."

"भर दुपारी?"

"इथं चालतं!" असं म्हणून मी जिना उतरून धावलो. रविवार, मोठी दुकानं बंद. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात मिळाली ती बाटली घेतली आणि धापा टाकत परत आलो.

दार उघडून बघतो तर पानी बोझेना शांतपणे ताक पीत बसलेल्या! तिसरा पेला! आई टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

"आरं, ही बाई तर मराठी बोलती!"

"काय?"

"मी हातानं इच्यारलं, तोंड पोळलं का? तर म्हणली, ताक, ताक! मग इथल्या दह्याचं घुसळून ठिवलेलं होतं ते दिलं. अजून देऊ का इच्यारलं, तर म्हणली ताक! जिची भाषा आपल्याला समजती, तिच्यासाठी तू घरभर येवढ्या चिठ्ठ्या कावून चिकटवल्या?"

अण्णांनी माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं.

"ती पाणी मागत व्हती बे. मी आदी पाणीच दिलं. माझ्या शेळीनं मिरच्यात तोंड घातलं की असंच करती, जीभ भायेर काढून. त्याला काय बोली लागती व्हय?"

वोदा म्हणजे पाणी! जिला मी तीन महिने रोज पानी, पानी म्हणत होतो ती बाई पाणी मागत होती, आणि मी तिला दारू आणायला गेलतो!

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, अण्णा आता काढतील सालटी. पण त्यांनी बाटली बाजूला सारली.

"म्हंजे येवढं दिस तुला कुणाशी धड बोलाय बी आलं न्हाई?"

"न्हाई."

"मग फोनवर सांगायचं की, येड्या," ते हळू म्हणाले, आणि माझ्या ताटात रस्सा वाढला. मी तोंड खाली घालून जेवलो. तिखट मलाही जरा जास्तच लागलं.

पुढचे दोन तास मला कुणी विचारलंच नाही. अण्णांनी मोबाईलमधले शेळ्यांचे फोटो काढले. पानींनी त्यांच्या मोबाईलमधून एक जुना काळा-पांढरा फोटो काढला. डोंगर, मेंढरं आणि काठीवर हनुवटी टेकून उभे असलेले त्यांचे आजोबा. मग काय विचारता! दात कसे बघायचे, खूर कसे तासायचे, लांडगा कसा येतो, सगळी चर्चा हातवाऱ्यांनी झाली. अण्णांनी शेळ्यांना बोलवायची आरोळी दिली. पानींनी आजोबांची दिली. जिन्यातल्या म्हाताऱ्यानं दार वाजवलं. बाटली त्या तिघांनी उघडली. तिघांनी म्हणजे म्हातारा धरून, मला सोडून. आईनं ताकच घेतलं.

सोमवारी अहवाल आला. नोकरी पक्की! 'संवादकौशल्य' या रकान्यात पानींनी एक ओळ लिहिली होती. मी ती मोबाईलला मराठीत वाचायला लावली : "वडील उत्तम बोलतात. मुलगाही शिकेल, असं वाटतं."

आई-अण्णा धारूरला परत गेले. आता दर रविवारी पानी बोझेना माझ्या घरी येतात आणि व्हिडिओ कॉलवर तासभर अण्णांच्या शेळ्या बघतात. माझं काम मोबाईल धरून उभं राहणं. हात जरा हलला की तिकडून अण्णा आणि इकडून पानी, दोघंही एकदमच खेकसतात. फायनान्समध्ये माझी प्रगती किती झाली ते साहेब लोक जाणोत, पण शिव्या मात्र आता मला दोन्ही भाषांतल्या समजतात.