आधी भाकरी, मग हार

सात सत्कारमूर्तींपैकी सहा जणी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. सातवी खुर्ची रिकामी. तिच्यावर मी स्वतः चिकटवलेला कागद होता : कमलबाई जाधव, इस्लापूर. साडेअकरा वाजले होते आणि बाईंचा पत्ता नव्हता.

मी इव्हेंट मॅनेजर. म्हणजे कार्यक्रमात जे छान होतं ते आयोजकांमुळे आणि जे फसतं ते माझ्यामुळे. त्या दिवशी नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, नांदेड-लातूरकडच्या उद्योगात आणि गावच्या कामात पुढाकार घेणाऱ्या बायकांचा गौरव होता. आयोजक व्यापाऱ्यांची एक संघटना. अध्यक्ष शिवलिंगअप्पा. उदगीरला डाळमिल, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की मी माईक उगाच भाड्यानं आणला असं वाटावं.

"सुरेखाताई, सातवी बाई कुठाय ओ?"

"फोन लावतेय अप्पा. फॉर्मवर तिच्या मुलाचा नंबर आहे. तो पुण्यात नोकरीला, उचलतच नाही."

"पाहुणे आले तर काय रिकाम्या खुर्चीला हार घालायचा?"

पाहुण्यांचं सोडा. त्यांच्या ड्रायव्हरनं नुकतंच सांगितलं होतं, गाडी लातूरहून अजून लोह्यापर्यंतही पोचली नाही. म्हणजे माझी रनशीट गेली उडत. रनशीट म्हणजे कितव्या मिनिटाला कोण काय करणार, याचा कागद. तो मी आठवडाभर खपून बनवते आणि पाहुणे दहा मिनिटांत निकालात काढतात.

जेवण लांबणार हे सांगायला मी मागं गेले. तिथं बारा चुली पेटल्या होत्या. बावीस बायका, सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या पोपटी साड्या, आणि ज्वारीच्या भाकऱ्या थापल्याचा असा आवाज की काय सांगू! मधोमध पन्नाशीची एक बाई एका हातानं भाकरी उलटत होती आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांना कामं सांगत होती.

"मावशी, जेवण अडीचला होईल. आणि तुमचा गट इस्लापूरचाच ना? तिकडच्या कमलबाई जाधव माहीत आहेत का कुणाला?"

तिनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. भाकरी टम्म फुगली. "मीच की."

मी कपाळावर हात मारला. जेवणाची ऑर्डर अप्पांच्या मॅनेजरनं इस्लापूरच्या बचत गटाला दिली होती, गटाच्या नावानं. पुरस्काराला निवड समितीनं बाई निवडली, बाईच्या नावानं. एक फाईल निळी, एक लाल. दोन्ही महिनाभर माझ्याच टेबलावर होत्या आणि मी त्या एकदाही शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. कर्म माझं!

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलंच न्हाई. म्हनलं, जायाचंच हाय तं काम बी करून यिऊ. टेम्पो एकच लागतोय."

हाच तो टेम्पो. फॉर्ममध्ये त्याच्याबद्दल होतं. बाईनं गट काढला, गटानं भाकऱ्यांवर टेम्पो घेतला, आणि आता गावात कुणाला बाळंतपणाला न्यायचं असलं की स्वयंपाकाची भांडी खाली उतरवून तोच निघतो. समितीनं एवढं वाचून एकमतानं टिक केली होती.

"बरं, हात धुवा आणि चला. पाहुणे आले की आधी सत्कार, मग जेवण."

"अडीचला?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच जेवण जाळलंय. "म्याडम, भाकरी एकला तयार होतीय. अडीचला तिचं चामडं होतंय. नांदेडातली आमची पयली मोठी ऑर्डर हाय. असलं खाऊन लोक गेले तं पुन्ना कोन बोलवंल आमाला?"

मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "अन् सत्कार चालू असताना ह्या बाया कुठं आसतेल? चुलीपुढं. गट बावीस जनींचा आन् हार घ्यायला मी एकलीच? ह्या साड्या बगा, आजच्यासाठी घेतल्यात सगळ्यांनी. बघायला ह्याच नसतेल तं मला न्हाई पायजे तुमचा हार."

मला भरून आलं. आणि लाजही वाटली. बावीस पोपटी साड्या, आणि कमलबाईंची सोडली तर त्यांच्यासाठी मी हॉलमध्ये एकसुद्धा खुर्ची लावली नव्हती.

अप्पांना मागं बोलावून सांगितलं तर ते उसळलेच. "आधी जेवण? येड लागलंय का, ताई? जेवला की मानूस थांबतोय का कधी? मोकळ्या खुर्च्यांपुढं सत्कार करू?"

अप्पांचं चूक नव्हतं. आमच्या धंद्यात याला हॉल धरणं म्हणतात. जेवण शेवटी ठेवायचं, तरच माणसं भाषणं ऐकतात. तीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडलेला नाही.

तेवढ्यात पदराला हात पुसत कमलबाई स्वतःच आल्या. "अप्पा, जेवन एकला वाढू. निस्तं गोड वाढायचं न्हाई. जिलबी मागून. सत्कार झाल्यावर, गरम."

अप्पांनी मान वाकडी करून कढईकडं बघितलं.

"कढई हालच्या दाराला लावते. वास आत यिऊ द्या."

"आन् बाया आत बसल्यावर जिलबी कोन काढनार?" अप्पांनी विचारलं.

कमलबाईंनी भट्टीजवळच्या बनियन घातलेल्या किडकिडीत माणसाकडं हनुवटीनं दाखवलं. "आमचे मालक. त्यांच्या हातची जिलबी असली की रुसलेले व्याही बी पंगतीला परत बसतेत."

फॉर्मवर नवऱ्याचं नाव वाचलेलं होतं. मी त्यांना विचारलं, "मारोतराव, तुम्हाला बायकोचा सत्कार बघायचा नाही का?"

"मला ती रोजच दिसती," ते पीठ घोटत म्हणाले. "ह्यांना बघू द्या."

अप्पा असे हसले की आतल्या सहा सत्कारमूर्ती दारात येऊन बघायला लागल्या. मी रनशीटवर दोन बाण काढले, जेवण वर, सत्कार खाली, आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

बरोबर एकला पंगत बसली. गरम भाकरी, भरली वांगी, ठेचा. लोक तिसरी भाकरी मागत होते. पाहुणे दोनला आले आणि मुकाट्यानं ताटावर बसले.

मग खरी परीक्षा. मी माईकवरून सांगितलं, "सत्कारानंतर गरम जिलबी आहे." एका पायात बूट घातलेले एक काका बूट काढून परत आत आले. त्यांच्यामागं बाकीचेही. सत्कारमूर्तींच्या पाठीमागच्या दोन रांगांत पोपटी साड्या बसवल्या. समितीतले दोघं मागं जाताना कुरकुरले, पण वास यायला लागल्यावर तेही गप्प बसले. पाहुण्यांचं भाषण सात मिनिटांत संपलं. एवढं छोटं भाषण मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

कमलबाईंचं नाव पुकारलं आणि बावीसच्या बावीस जणी उभ्या राहिल्या. एकीनं तर तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. हॉल भरलेला, टाळ्या थांबेनात. मी साउंडवाल्याच्या मागं जाऊन खुशाल रडून घेतलं.

कमलबाईंनी माईक हातात घेतला. "जेवन कसं झालं?"

"एक नंबर!" सगळा हॉल ओरडला.

"मंग आता आमच्या गटाला ऑर्डरी द्या." झालं भाषण.

आणि हार गळ्यात तसाच ठेवून बाई थेट कढईपाशी जाऊन जिलबी वाढायला लागल्या. अप्पा प्लेट घेऊन रांगेत उभे. नातीच्या लग्नाच्या जेवणाचं त्यांनी तिथंच पक्कं करून टाकलं.

तेव्हापासून गोड मी मागूनच ठेवते. आणि सत्कारमूर्ती सापडेना झाली की फोन लावत बसत नाही, आधी कामाच्या जागी बघून येते. गेल्या महिन्यात लातूरला अशीच एक बाई दिसेना. मागं गेले, तर आमचा बंद पडलेला जनरेटर उघडून बसली होती. आम्ही तो तिच्याच दुकानातून आणला होता.