मास्तरांच्या आवाजाचं फोल्डर
मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळा बाजार झाडूताई म्हणे, आणि तिला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. दोन जिन्यांमधल्या सांदीत तिचं दुकान: एक टेबल, एक भिंग, एक संगणक आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. टेबलावर उगाच पडलेला स्क्रू दिसेल तर शपथ. घरी नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवायचा अवकाश, ते रद्दीत गेलेलं असे. फोनच्या बाबतीत तर ती हट्टालाच पेटायची. लोक ॲप काढून टाकतात आणि समजतात, गेलं. जातंय कुठलं! त्याचं फोल्डर आत तसंच राहतं, भाडेकरू गेला तरी माळ्यावर त्याच्या ट्रंका राहाव्यात तसं. फोन हातात आला की झाडूताई आधी ह्या ट्रंका बाहेर काढी. फार विचारत बसायची तिची पद्धत नव्हती. एकदा विचारायचं, गिऱ्हाइकाची मान हलली की पुसायचं.

त्या दुपारी मास्तर आले. हे गाडी शिकवणारे मास्तर; अर्धा गाव त्यांनीच रस्त्यावर आणलेला, झाडूताईसुद्धा. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला. पण मास्तर पक्के. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे ते खोलीची खिडकी लावून बसले आणि रोज लागणारी तीनशे अठरा वाक्यं स्वतःच्या आवाजात फोनमध्ये भरून ठेवली. आता बटण दाबलं की फोन बोले, "क्लच हळू सोडा," किंवा "आरशात कोण बघणार, मी?" शिकवणी चालूच होती. अलीकडे मात्र फोन गच्च भरला होता, आणि "ब्रेक"चं बटण दाबल्यावर ब्रेक ऐकू येईपर्यंत भिंत आलेली असे. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो म्हणून निभावत होतं.

"जरा मोकळा करून दे गं हा," मास्तरांच्या बायकोने फोन टेबलावर ठेवला. "तोवर मी ह्यांची औषधं घेऊन येते." आणि काकू समोरच्या दुकानाकडे गेल्या.

मास्तर स्टुलावर टेकले. झाडूताईने मेमरी कार्ड धुंडाळलं आणि तिला हवं ते लगेच सापडलं. एका बोलक्या ॲपचं भलंमोठं फोल्डर होतं, पण ते ॲप फोनमध्ये नव्हतंच. त्याच्या जागी दुसरं, नवं होतं. तिने पडदा मास्तरांकडे वळवला.

"हे जुनं ॲप वापरता अजून?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. ते खरंच होतं. जाहिराती फार यायच्या म्हणून महिन्यापूर्वीच त्यांनी ते काढून टाकलं होतं. मग त्यांनी हात वर केला. त्यांना पुढे काहीतरी सांगायचं होतं, पण सांगणार कशाने? त्यांचं तोंड झाडूताईच्या हातात होतं, आणि ती पुन्हा पडद्याकडे वळली होती. मास्तरांनी टेबलावर जोरात थाप मारली. तोवर तिचं बोट पुसायच्या बटणावर टेकलं होतं.

"काय झालं, मास्तर?" तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

मास्तरांनी बटण दाबलं. आवाज नाही. दुसरं दाबलं. पडद्यावर चौकट आली, फाइल सापडत नाही. त्यांनी धडाधड दहा-बारा बटणं दाबली, दर वेळी तीच चौकट. आता झाडूताईच्या लक्षात आलं. नव्या ॲपमध्ये नुसती बटणं होती. आवाज सगळा जुन्याच फोल्डरमध्ये होता. नवं ॲप तिथून उचलून वाजवत होतं.

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यांनी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"द्या इकडे. आता कशालाही हात लावू नका."

तिने फोन बंद केला आणि कार्ड बाहेर काढलं. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की मात्र संपलं, हे तिला पाठ होतं. आणि जागा होताच लोकांनी पाठवलेले, अडकून पडलेले फोटो भराभर कार्डावर उतरू लागले होते, हेही तिने पाहिलं होतं. समाधानाने पाहिलं होतं. तिने कार्ड संगणकात घातलं.

काकू परत आल्या त्या हसतच. "झाला का मोकळा?"

सारवासारव करायला बरंच काही झाडूताईच्या ओठांवर आलं. पण ती म्हणाली, "काकू, माझ्या हातून मास्तरांचा आवाज पुसला गेला."

काकूंच्या हातातली पिशवी हळूच खाली टेकली. मास्तरांनी उठून त्यांना स्टूल दिलं.

"परत येईल?"

"शोधतेय."

"शोधतेस म्हणजे येईल, की नाही येणार?"

"माहीत नाही, काकू."

पुढचा पाऊण तास संगणक कार्ड चाळत राहिला. एक गिऱ्हाईक डोकावलं, तिघांचे चेहरे बघून निघून गेलं. शेवटी यादी आली. तीनशे अठरापैकी दोनशे एक्क्याण्णव फाइली, नावं गेलेली, नुसते आकडे. कुठली काय आहे ते एकेक वाजवूनच कळणार होतं.

झाडूताई वाजवत गेली, काकू पेन्सिलीने लिहीत गेल्या. क्लच आला. आरसा आला. ब्रेकही आला, तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. काहींत नुसती खरखर होती. "तुमच्या साहेबांना सांगा, आधी सायकल शिका," असंही एक निघालं, पण हसायला कोणी मोकळं नव्हतं. प्रत्येक फाइलनंतर काकू पुढे वाकत आणि पुन्हा मागे होत. त्या कशाची तरी वाट बघत होत्या.

"कुठलं हवंय, काकू?"

"मला हाक मारतात ते."

यादीत तीन फाइली उरल्या होत्या. पहिली खरखर. दुसरीत औषधाची वेळ. तिसरीत मास्तरांचा आवाज आला, "अगं, ऐ—" आणि तुटला. झाडूताईने पुन्हा वाजवलं. तिथेच तुटला. पुढच्या भागावर कोणाचा तरी फोटो येऊन बसला होता.

"एवढंच राहिलंय," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "बाकीचं नाही येणार, काकू. मी एकदा नीट विचारायला हवं होतं."

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. "अगं, एवढंच तर लागतं. चाळीस वर्षांत ह्याच्या पुढचं मी कधी ऐकलंय? तोवर उठलेली असते."

मास्तरांनी पुढे होऊन स्वतःच ती फाइल पुन्हा वाजवली. आवाज तुटायच्या आत काकू स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या.