त्यांची हिंदी

सदर बाजारात बाबांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं कापडाचं दुकान होतं. ते विरोधी पक्षाकडून निवडणूक लढले, तरी बसत गल्ल्यावरच. कॉलेजात जाणारा आमच्या घरातला पहिला म्हणून माझी ते चौकशी करत. माझ्या तोंडून हिंदी शब्द निघाला, की कापड मोजता मोजता म्हणत, "काहून रे, मराठी घरी ठेवून आला काय?"

आणीबाणी लागली त्या आठवड्यात बाबा आणि मी नेहमीसारखे दुकानापाशी थांबलो. बाबांची नोकरी सरकारी बंदूक कारखान्यातली. समोरच्या पानठेल्यावर साध्या कपड्यांतला पोलीस उभा होता, हे आम्हाला नंतर कळलं. गल्ल्यावरून त्यांनी बाबांकडे अनोळख्यासारखं पाहिलं.

"दुकान बंद है, भैया. आगे देखिए."

त्यांच्या पुढ्यात कापडाचं ठाण उलगडलेलं होतं. मला फार लागलं. बाबा मात्र पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. दुकानात येणाऱ्या-बसणाऱ्यांना पोलीस ठाण्यावर बोलावलं. बाबांना कोणी विचारलं नाही, नोकरी राहिली.

पुढे सरकार बदललं आणि त्यांना परदेशात राजदूत नेमलं. शेजारचे काका हसले, "कापडवाला तिथं काय बोलणार जी?"

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "बोलतील बरोबर. आपल्याशी हिंदी नाही बोलले काय?"