बाकाच्या टोकावरचा बेकार

पिपरी मेघेत आमच्या वळणावरच्या चहाटपरीवर तो रोज सकाळी नऊला बाकाचं टोक धरून बसलेला असे. चाळिशीचा, धट्टाकट्टा. आधी माचिसच्या काडीनं निवांत नखं कोरायचा, मग चहा बशीत ओतून डोळे मिटून भुरकायचा. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. मधेच उठून चहाला आलो की तो दिसायचा, आणि मी टपरीवाल्याला म्हणायचो, "बेकारी फार वाढली हो! ऐन कामाच्या वेळी असे धडधाकट लोक बसून!" आकडे कशाला हवेत, पुरावा समोरच होता.

एकदा त्यानंच सरकून मला जागा दिली आणि हळूच विचारलं, "भाऊ, काम नाई लागलं का आजून? रोज इथंच दिसता म्हून इचारलं. मले वांगे तोडाले मानूस पाह्यजे. मी पहाटं चारलेच कामाले लागतो, बाजारात माल टाकून नऊले मोकळा होतो. जमन का तुमाले?"

त्याच्या नखांतली काळी माती मला तेव्हा दिसली. "मी घरूनच काम करतो," मी पुटपुटलो. त्यानं समजूतदारपणे मान हलवली. बेकार माणूस दुसरं काय सांगणार!

दुसऱ्या दिवशी टपरीच्या खिळ्याला वांग्यांची पिशवी लटकत होती. टपरीवाला हसू दाबत म्हणाला, "तुमच्यासाठी ठेवून गेला. काम लागेपर्यंत देत जाईन म्हने."

तेव्हापासून मी बेकार मोजणं सोडलं. वांगी मात्र अजून नेतो.