कोरा रकाना

समाजशास्त्राच्या बाईंना मुलं पाठीमागे का-बाई म्हणत, आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षं एकाच शाळेत काढून ज्या बाईला स्वतःचं टोपणनाव कळत नाही, तिने समाजशास्त्र तरी कशाला शिकवावं? नाव तसं चपखल होतं. उशिरा आलेल्या मुलाला बाकीचे शिक्षक सरळ दाराबाहेर उभं करत. बाई विचारत, का उशीर झाला? उत्तर मिळालं की पुन्हा विचारत, आणि ते का? तिसऱ्या 'का'ला मुलगा एकतर रडकुंडीला येई, नाहीतर खरं बोले. बहुतेकदा दोन्ही.

घरीही तेच. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करी. तो म्हणे, आमच्याकडे चहात साखर कमी पडली तरी चौकशी समिती बसते.

त्या शाळेत वरच्या वर्गात जाताना प्रत्येक मुलाने एक ऐच्छिक विषय निवडायचा असे. अर्थशास्त्र, इतिहास, तर्कशास्त्र, मानसशास्त्र अशी ती यादी होती आणि समाजशास्त्र तिच्या अगदी तळाशी होतं. तरी बाईंचा वर्ग दरवर्षी तिशीच्या घरात भरे. शिक्षकांच्या खोलीत बाई ही गोष्ट मुद्दाम बोलून दाखवत नसत, पण कुणी काढलीच तर लगेच विषयही बदलत नसत.

पहिल्या तासाला त्यांचा एक ठरलेला रिवाज होता. कागदाचे तुकडे वाटायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: हा विषय तुम्ही का घेतलात? खाली नाव लिहायला लावायचं. उत्तरं छान येत. 'समाजाची ओढ आहे.' 'माणसं समजून घ्यायची आहेत.' एकाने तर लिहिलं होतं, 'लहानपणापासून हेच स्वप्न होतं.' हे सगळे कागद बाई बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात जपून ठेवत आणि मन खट्टू झालं की काढून वाचत.

यंदा फॉर्म संगणकावर गेले. सोमवारी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. समोरच्या खुर्चीवर त्या टेकतात न टेकतात तोच त्यांनी कागद पुढे सरकवला. समाजशास्त्राला पाच नावं होती. पंधराच्या खाली वर्ग चालवायचा नाही हा नियम जुनाच, फक्त तो बाईंच्या वाट्याला कधी आला नव्हता. शुक्रवारी पाच वाजता मुदत संपणार होती. तोवर पंधरा झाले नाहीत तर विषय यादीतून जाणार, आणि बाईंना आठवीच्या दोन तुकड्या नि ग्रंथालय. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. सांगताना तो सारखा टेबलावरचं कागदवजन इकडून तिकडे हलवत होता.

बाई तिथून तडक कार्यालयात गेल्या. तिथल्या हेडक्लार्कना सगळी शाळा मामा म्हणे. फॉर्म गोळा करणं, याद्या करणं हे काम बाई शाळेत येण्याच्या आधीपासून मामांकडे होतं. दरवर्षी तीस, यंदा पाच, असं का झालं असेल, बाईंनी विचारलं. मामा म्हणाले, नवीन पद्धत आहे, होतं असं. बाईंनी विचारलं, असं का होतं? मामांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"बाई, फॉर्ममध्ये त्या रकान्यात काही न लिहिणारी मुलं बरीच असतात," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी कुणाकुणाला शोधत बसू? मी तुमचा विषय लिहून टाकायचो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. पंचवीस असतील. मशीन मला लिहू देत नाही. मुदत संपली की ते कोऱ्या रकान्यात यादीतला पहिला विषय घालणार. अर्थशास्त्र."

शेजारच्या टेबलापाशी अर्थशास्त्राचे सर, आपल्याकडे ऐंशी मुलं येणार नि जागा चाळिसांचीच, म्हणून दुसऱ्या कारकुनाशी केव्हाचे हुज्जत घालत होते. ते बाईंना ऐकूही आलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, माझाच विषय का?

"ज्या मुलाचा रकाना कोरा, त्याला घरात कुणी काही विचारलेलं नसतं," मामा म्हणाले. "तुम्ही विचारता, म्हणून. माझ्या धाकटीचाही कोराच होता. वर्षभरात ती जेवताना मलाच प्रश्न विचारायला लागली."

त्या संध्याकाळी बाईंनी डबा काढला आणि सगळे कागद जेवणाच्या टेबलावर ओतले. समाजाची ओढ, लहानपणापासूनचं स्वप्न. पाचशेच्या वर मुलांनी बाईंना वाईट वाटू नये म्हणून गोड थापा मारल्या होत्या, आणि लोकांची उत्तरं कशी पारखून घ्यावीत हे शिकवणाऱ्या बाईंनी त्या मिटक्या मारत वाचल्या होत्या. खाली नाव लिहायला लावलं तर कुणी खरं लिहीत नाही, हे त्या स्वतःच दुसऱ्या महिन्यात शिकवत. बाईंना लाज वाटली. मुलांचा राग आला, मामांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

नवरा आधी हसला. मग बायकोचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं आणि एकेक कागद उचलून सरळ करत बसला.

"तू तरी कुठे निवडला होतास?" तो म्हणाला. "कॉलेजात प्रवेश घेताना इतिहासाची रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि तुला बस गाठायची होती. तूच सांगितलंयस मला."

हे खरं होतं. समाजशास्त्राच्या खिडकीपुढे त्या दिवशी दोनच मुली होत्या. बाईंनी बस गाठली आणि जन्माचा विषयही गाठला. वर्गात मात्र त्यांनी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. नवऱ्याच्या हातात भिंग आलं तेही काकांचं दुकान होतं म्हणून. बाई बराच वेळ कागद पुन्हा डब्यात भरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांकडून कोऱ्या रकान्यांची यादी मागून घेतली. एकतीस मुलं होती. एक मुलगी तापाने घरी होती, बाकीच्या तीस जणांना एका वर्गात बसवलं. बाईंनी पुन्हा कागदाचे तुकडे वाटले. या वेळी नाव लिहायचं नाही असं बजावलं. प्रश्न एवढाच होता: रकाना कोरा का ठेवलास?

कागद गोळा करून त्यांनी एकेक मोठ्याने वाचला. 'मैत्रीण काय घेते ते बघून ठरवणार.' 'ताईने जे घेतलं तेच घ्यावं लागणार, मग मी लिहून काय उपयोग.' 'फॉर्म आहे हेच माहीत नव्हतं.' 'मला काय आवडतं ते मला माहीत नाही.' या शेवटच्या तऱ्हेचे सात कागद निघाले. आपण एकटेच असे, असं त्या सातही जणांना आजवर वाटत असणार.

मग बाईंनी त्यांनाच कागदांचे गठ्ठे लावायला सांगितले. आळसाने कोरा कुठला, भीतीने कोरा कुठला, हे ठरवताना मुलांची जुंपली. ताईच्या विषयाचा कागद कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा यावरून मागच्या दोन बाकांनी अर्धा तास खाल्ला. बाईंनी रांगेची आणि बसची गोष्ट सांगून टाकली. मुलं पोट धरून हसली. घंटा झाली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, आपला विषय घ्या हे सांगायचं राहूनच गेलं. जाहिरात करायला गेलेली बाई तास घेऊन परत आली होती.

बुधवारी सात नावं झाली, गुरुवारी अकरा. बाकीच्यांनी आपापले दुसरे विषय भरले, एकाने तर जाऊन मुद्दाम इतिहास घेतला, रांग मोठी असते म्हणून. शुक्रवारी दुपारी पडद्यावर चौदाचा आकडा आला आणि तिथेच थांबला.

पाचला दहा मिनिटं असताना कार्यालयात मामा नि बाई दोघंच होती. रकाना एकच कोरा उरला होता, त्या तापाच्या मुलीचा. पाच वाजेपर्यंत घरून निरोप आला तर कार्यालयाने फॉर्म भरायचा, एवढी सोय मशीनमध्ये होती. मुख्याध्यापक दारातून डोकावले, मामा बघून घ्या काय ते, असं मोघम बोलले आणि निघून गेले. मामांचा हात माऊसवर होता. त्यांनी बाईंकडे पाहिलं. वर्ग, विषय, बावीस वर्षं, सगळं त्या एका बोटाखाली आलं होतं. बाईंनी मुलीच्या घरचा नंबर मागितला.

आईने फोन मुलीला दिला. बाईंनी आपण कोण ते सांगितलं, आणि पाच वाजता मशीन तुला अर्थशास्त्र देईल, तुला काय हवंय, असं विचारलं. चौदाचा आकडा, वर्ग बंद पडणार, यातलं काही सांगितलं नाही. ते जिभेवर आलं होतं, त्यांनी गिळलं.

मुलगी म्हणाली, "तुमचाच विषय घेते ना, बाई."

मामांना ते ऐकू आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाईंनी डोळे मिटले. पंधरा झाले होते. फोन ठेवायचा तेवढा राहिला होता.

"का?" बाईंनी विचारलं.

"आवडतो मला."

"का आवडतो?"

मग मुलगी एका दमात बोलून गेली. "मला तर्कशास्त्र घ्यायचंय, बाई. दादा म्हणतो ते तुझ्या डोक्याबाहेरचं आहे. म्हणून मी काहीच लिहिलं नाही."

"तुला घ्यायचंय ना?"

"हो."

"मग तेच लिहितो आम्ही. बरी हो लवकर." बाईंनी फोन ठेवला आणि मामांना म्हणाल्या, "तर्कशास्त्र."

मामांचा हात हलेना. घड्याळात पाचला चार मिनिटं होती. "ती हो म्हणाली होती ना, बाई?"

"म्हणाली होती."

"मग पुढे का विचारलंत?"

बावीस वर्षांत बाईंना हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी उलटा विचारला होता. सवय, असं सांगून त्यांना सुटता आलं असतं. पण मामांनी सोमवारी खरं उत्तर दिलं होतं.

"तिला घरात कुणी विचारलं नव्हतं, मामा," बाई म्हणाल्या. "लिहा तुम्ही, पाच वाजतील."

मामांनी लिहिलं.